भीमालगोंदी आधी, भंडारकुंड नंतर

पोळ्याच्या करीला विदर्भातली लेकरं आपापले लाकडी बैल घेऊन बाहेर पडतात. चाकं लावलेले, शिंगांना बेगड चिकटवलेले, गळ्यात दोन घुंगरं बांधलेले. हा तान्हा पोळा, मुलांच्या हक्काचा सण. त्याच दिवशी नागपुरात काळी आणि पिवळी मारबत निघते आणि रस्ते माणसांनी फुलून जातात. आणि त्याच दिवशी, नागपूरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर, जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवलेलं असतं. त्याच्या शेंड्याला झेंडा. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मधून दगड. याला गोटमार म्हणतात.

दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, काही वर्षी जीवही गेले आहेत. प्रशासनाने दगडांऐवजी रबरी चेंडू देऊन पाहिले, ते टिकले नाहीत. जमावबंदी लागते, काठावर डॉक्टर बसतात, कॅमेरे येतात. दुसऱ्या दिवशी राज्यभरच्या वर्तमानपत्रांत पांढुर्ण्याचं नाव छापून येतं, सोबत जखमींचा आकडा. मग वर्षभर शांतता. जिल्हा होण्याच्या बातम्या सोडल्या, तर बाहेरच्या माणसाने पांढुर्ण्याबद्दल वाचलेलं असतं ते एवढंच.

मी याच पट्ट्यातला. सौंसर तहसिलीत शाळा शिकलो, पुढे शिकायला नागपूरला गेलो. तिथे कोणी गाव विचारलं आणि आपण पांढुर्णा-सौंसर म्हटलं, की समोरचा हमखास म्हणायचा, ‘अच्छा, ते दगडवालं.’ मला त्यावर उत्तर सुचायचं नाही. आमच्याकडे संत्री आहेत, जामसावळीचा निजलेला हनुमान आहे, कन्हान नदी आहे, हे मी सांगायचो. पण ते पाठ केल्यासारखं वाटायचं, माझं वाटायचं नाही. माझं वाटेल असं एकच होतं: आठवीत असताना आमच्या वर्गाने काढलेलं एक हस्तलिखित. त्यातली दोन पानं मी लिहिली होती आणि त्यात एक चूक होती. त्या चुकीनेच हा लेख लिहायला लावला आहे.

हस्तलिखित म्हणजे काय, हे ज्यांनी काढलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. आमच्या गुरुजींनी जाड कागद आणवले. समास सोडून पेन्सिलीने बारीक रेघा आखायच्या, मजकूर उतरला की त्या खोडायच्या. लिहिणारे बरेच होते, उतरवणाऱ्या मात्र दोनच मुली, कारण अक्षर त्यांचंच तसं होतं. शीर्षकं बोरूने. बोरूचं टोक तिरकं कापायचं काम गुरुजी स्वतः करायचे, दुसऱ्या कोणाला ब्लेडला हात लावू द्यायचे नाहीत. चित्रांच्या जागा आधी मोजून सोडलेल्या. चिकटवायला मैद्याची खळ, आणि तिला कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. तो निळा खडा खळीत विरघळताना बघायला आम्ही घोळका करून उभे राहायचो. शेवटी दाभणाने भोकं पाडून जाड दोऱ्याने शिवण. असा अंक तयार व्हायला दिवाळीपासून संक्रांत उजाडायची.

आणि प्रत एकच. हे मला आज सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. छापलेल्या अंकाच्या पाचशे प्रती निघाल्या असत्या, तर पाचशे घरांत त्या एकेकट्या पडल्या असत्या. आमची प्रत एकच, म्हणून तिला फिरावं लागलं. गुरुजींनी एक वही केली: अंक आज कोणाच्या घरी, उद्या कोणाकडे. एका घरी एक रात्र. ज्या घरी अंक जायचा तिथे शेजारपाजारचे यायचे, कारण उद्या तो दुसऱ्या आळीत जाणार. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना वाचून दाखवायला त्या घरचं पोर बसायचं. त्या महिन्या-दीड महिन्यात आमची शाळा गावातल्या ओसऱ्यांवर भरली होती, असं म्हटलं तरी चालेल.

माझा लेख छोट्या रेल्वेवर होता. बंगाल नागपूर रेल्वेने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला छिंदवाड्यापासून नागपूरपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले, आणि सातपुड्याच्या घाटातून ती गाडी आमच्या सौंसरला यायची. मी गाडीचा वेग लिहिला, डब्यांची गर्दी लिहिली, पुढच्या डब्यातून उतरून मागच्या डब्यात चढणारी पोरं लिहिली. आणि सौंसरहून छिंदवाड्याला जाताना लागणारी स्टेशनं लिहिली: रामाकोना, भंडारकुंड, भीमालगोंदी, उमरानाला.

अंक एका निवृत्त गँगमनच्या घरी गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थना चालू असताना हे आबाजी शाळेच्या फाटकात उभे. अंक धोतराच्या घडीत जपून आणलेला. प्रार्थना संपल्यावर त्यांनी गुरुजींना नमस्कार केला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, ‘पोट्टेहो, गाडी उलटी काहून नेऊन राहिले? भीमालगोंदी आधी येते. भंडारकुंड मंग. मधात कुकडीखापा. तीस वर्षं त्या रुळावर चाललो मी.’

मी मान खाली घातली. गुरुजी रागावले नाहीत, पण त्यांनी सोडूनही दिलं नाही. आबाजींना त्यांनी खुर्ची दिली आणि मला समोर बसवलं. सौंसरपासून छिंदवाड्यापर्यंत सगळी स्टेशनं, पूल, चढ, कुठे इंजिन दमतं, कुठे पावसात माती येते, हे सगळं मला त्यांच्याकडून लिहून घ्यायला लावलं. मग तेवढ्याच मापाची कागदाची पट्टी कापून चुकीच्या ओळीवर चिकटवली, आणि त्या दोन मुलींपैकी एकीच्या अक्षरात बरोबर क्रम लिहवून घेतला. शाळेच्या ओसरीतल्या भित्तिपत्रकावर पुढच्या सोमवारी ‘दुरुस्ती’ म्हणून चौकट आली. त्यात आबाजींचं नाव, त्यांचं काम, आणि त्यांनी सांगितल्यामुळे आम्ही क्रम बदलला, असं स्पष्ट लिहिलेलं. ते वाचायला आबाजी आले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा आला. मग भावकी आली.

त्यानंतर एक गोष्ट घडली जी आमच्यापैकी कोणीच ठरवली नव्हती. माणसं अंक दुरुस्तीसाठी वाचू लागली. कोणी सांगितलं की विहिरीचं साल चुकलंय. एका आजीने पोळ्याला म्हणतात त्या गाण्यातला, झडतीतला, एक शब्द बदलून दिला आणि वर दोन नव्या झडत्या सांगितल्या. एका कास्तकाराने संत्र्यावरच्या लेखात आंबिया बहारासाठी पाणी तोडून द्यायचा ताण किती दिवसांचा, यावर हरकत घेतली. त्यावर दुसऱ्या कास्तकाराने हरकत घेतली, आणि दोघं शाळेच्या ओट्यावर बसून अर्धा तास बोलले. आमच्या वर्गाने ऐकून दोघांचंही म्हणणं टिपलं. ज्या शाळेत माणसं फक्त दाखल्यासाठी आणि २६ जानेवारीला यायची, त्या शाळेत ती आता चूक दाखवायला येत होती. चूक दाखवायला माणूस तिथेच येतो, जिथलं त्याला आपलं वाटतं.

शाळेचा अभिमान कशाने वाढतो, यावर आज पुष्कळ बोललं जातं. फलक लागतात, गुणवंतांचे फोटो लागतात, गणवेश बदलतात. त्याला माझा विरोध नाही. पण फलक गावाला सांगतो की शाळा मोठी आहे, आणि गाव मान डोलावून पुढे जातं. मुलांनी केलेलं पान गावाला विचारतं की आम्ही लिहिलं ते बरोबर आहे का, आणि गाव थांबतं. मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, बाकीचा लेख त्याच्याच आधाराला आहे.

हे आमच्या पट्ट्यात विशेष लागू का, ते समजायला थोडं मागे जावं लागतं. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यापासून हा मुलूख नागपूरशी बांधलेला. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाड झाला तेव्हाही राजधानी नागपूरच. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्रात आले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला, आणि त्याच्यासोबत सौंसर आणि पांढुर्णा या मराठी बोलणाऱ्या तहसिलीही. सोयरीक सावनेर, काटोल, वरुडला. कागदपत्रं छिंदवाडा, भोपाळला. ऑक्टोबर २०२३ मध्ये या दोन तहसिली मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, तेव्हा पहिल्यांदा जिल्ह्याचं ठाणं आमच्या भाषेच्या गावात आलं.

एक योगायोग मला फार अर्थपूर्ण वाटतो. ज्या सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ ला या सीमा घटनेत आणल्या, त्याच दुरुस्तीने घटनेत ३५०-अ हे कलम घातलं. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असं ते कलम सांगतं. म्हणजे सीमा आखणाऱ्यांना ठाऊक होतं की रेघेच्या चुकीच्या बाजूला लेकरं राहणार आहेत. मध्य प्रदेशच्या बोर्डाच्या वेळापत्रकात आजही मराठीचा पेपर असतो. पण एक पेपर म्हणजे भाषेत राहणं नव्हे.

आमच्या घरात ज्याला सांबार म्हणतात, त्याला हिंदीच्या पुस्तकात धनिया म्हणतात आणि पुण्यात छापलेल्या मराठी पुस्तकात कोथिंबीर. शेताला आम्ही वावर म्हणतो, पुस्तक खेत म्हणतं. आठ वर्षांच्या पोराला दोन्ही पुस्तकं वाचून एकच गोष्ट कळते: आपल्या तोंडातला शब्द कुठेच छापलेला नाही. म्हणून तो शब्द चुकीचा असावा. हे कोणी त्याला सांगत नाही, ते त्याचं त्याला समजतं, आणि मग ते पोर वर्गात गप्प बसायला लागतं. अशा वेळी त्याच्या शाळेच्या ओसरीत, त्याच्याच वर्गातल्या मुलीच्या वळणदार अक्षरात ‘सांबारवडी’ असं लिहिलेलं दिसणं, ही लहान गोष्ट नाही. आमच्या हस्तलिखितात सांबारवडीची कृती होती. खाली गुरुजींनी तीन शब्द शेजारी शेजारी लिहायला लावले होते: सांबार, कोथिंबीर, धनिया. तिन्ही एकाच मापात, एकही कंसात नाही.

मला अनेकदा विचारतात, की मग शाळेचा अंक मराठीत काढायचा की हिंदीत. माझं मत असं, की मुलं ज्या भाषेत ती गोष्ट ऐकतात त्याच भाषेत लिहू द्यावी. आजीची झडती मराठीत, पटवाऱ्याची मुलाखत हिंदीत, मंडीतला सौदा जसा झाला तसा. आमच्याकडे गोंड घरं आहेत, त्यांची भाषा वेगळी, तिलाही पान हवं. साने गुरुजींनी आंतरभारतीचं स्वप्न पाहिलं ते प्रांताप्रांतांच्या भाषा एकमेकांना भेटाव्यात म्हणून. आमच्या वर्गात त्या एकाच बाकावर बसतात.

साने गुरुजींचं नाव आलं आहे तर अमळनेरला जायलाच हवं. १९२४ ते १९३० ही सहा वर्षं ते तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते आणि वसतिगृहाचं काम बघत होते. त्या वसतिगृहात ते हाताने लिहिलेलं एक दैनिक चालवायचे, ‘छात्रालय दैनिक’. स्वतः बसून लिहायचे आणि मुलांना ते वाचायला मिळायचं. दैनिक, हा शब्द नीट लक्षात घ्यावा. वर्षातून एकदा वार्षिकांक काढून हुश्श करणाऱ्या शाळांना रोज म्हणजे काय याची कल्पना येणार नाही. १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ हे मासिक सुरू केलं. पुढे सत्याग्रहात उडी घेण्यासाठी शाळा सोडली, तरी हे वळण त्यांच्या हातात राहिलं. ‘काँग्रेस’ साप्ताहिक आलं, १५ ऑगस्ट १९४८ ला ‘साधना’ आलं. वसतिगृहातल्या पोरांसाठी लिहिता लिहिता महाराष्ट्राचा एक संपादक घडला.

छात्रालय दैनिक गुरुजी स्वतः लिहायचे. मुलांवरची माया त्यात होती, पण लेखणी गुरुजींच्या हातात होती. लेखणी मुलांच्या हातात देण्याचं काम साधारण त्याच काळात दूर फ्रान्समध्ये एक शिक्षक करत होता. त्याचं नाव सेलेस्तँ फ्रेने. पहिल्या महायुद्धात त्याच्या फुफ्फुसाला गोळी लागली होती. मोठ्याने, फार वेळ बोलायचं म्हटलं की दम लागायचा. १९२० मध्ये तो बार-सुर-लू नावाच्या डोंगरी गावात शिकवायला आला. बोलून शिकवता येत नाही, म्हणून तो मुलांना घेऊन गावात फिरायला निघायचा. परत आल्यावर मुलं पाहिलेलं सांगायची, ते फळ्यावर उतरायचं. मुलांनी लावलेल्या गोगलगायींच्या शर्यतीची गोष्ट अशीच फळ्यावर आली. मग त्याने एक लहानसं छपाईयंत्र वर्गात आणलं. मुलं खिळे जुळवायची, शाई लावायची, स्वतःचं वाक्य स्वतः छापायची. ते छापील कागद समुद्रकाठच्या ब्रिटनी प्रांतातल्या त्रेगँक गावच्या शाळेत जायचे आणि तिकडच्या मुलांचे कागद इकडे यायचे. ज्याने समुद्र पाहिला नाही त्याला समुद्र सांगायचा, ज्याने डोंगर पाहिला नाही त्याला डोंगर. असं सांगायचं म्हटलं की स्वतःचं गाव नव्याने बघावं लागतं.

बार-सुर-लू कशासाठी ओळखलं जायचं माहीत आहे? संत्र्यांसाठी. कडू संत्र्याची झाडं, ज्यांची फुलं जवळच्या ग्रास शहरात अत्तराला जायची. हे वाचलं तेव्हा मला आमचा जानेवारी-फेब्रुवारी आठवला, आंबिया बहार फुटतो तेव्हाचा. सौंसरहून रामाकोन्याकडे सायकलने निघालं की त्या वासाने डोकं जड व्हायचं. शंभर वर्षांपूर्वी एका संत्र्याच्या गावातल्या मुलांनी तो वास समुद्रकाठच्या मुलांना कागदावरून पाठवला होता. आमच्या संत्र्याच्या गावातली मुलं तो रत्नागिरीच्या शाळेला पाठवू शकतात. तिकडून हापूसच्या मोहराचा वास यावा. टपालखर्च किरकोळ आहे.

इथे मला गोटमारीकडे परत यायचं आहे, कारण तिला वळसा घालून या पट्ट्यातला कुठलाही शालेय अंक पुढे जाऊ शकत नाही. मुलांनी यावर लिहावं का, यावर शिक्षक कचरतात. मी म्हणतो, लिहावंच. बाहेरचे कॅमेरे वर्षातून एक दिवस येतात. मुलं तिथे बाकीचे दिवसही असतात. ती दोन्ही काठांवर आहेत, आणि एरवी त्याच नदीवर त्यांचं येणं-जाणं आहे. लोककथा सांगते की पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी यांच्या प्रेमातून हे वैर सुरू झालं. मग आज दोन गावांत सोयरीक होते का? त्या दिवशी जखमी माणसाची बायको काय करत असते? डॉक्टर किती वाजता घरी जातो? दुसऱ्या दिवशी शाळेत पट किती असतो? नदीत त्या दिवसानंतर दगड कोण वेचतं? हे प्रश्न मुलाला विचारता येतात, आणि मुलाने विचारले की मोठी माणसं खरं उत्तर देतात. वार्ताहराला ती तेच सांगतात, जे दरवर्षी सांगतात.

हे लिहायचं कसं, याची एक पद्धत इटलीतल्या बार्बियाना गावच्या आठ मुलांनी दाखवून ठेवली आहे. परीक्षेत नापास होऊन शाळेबाहेर पडलेल्या गरीब शेतकऱ्यांच्या मुलांना तिथे लोरेंझो मिलानी नावाचा पाद्री शिकवायचा. १९६७ मध्ये त्या मुलांनी मिळून एका शिक्षिकेला पत्र लिहिलं, ते जगभर गेलं. त्यांची रीत अशी: खिशात कायम कागद ठेवायचा. जे सुचेल, ऐकू येईल ते वेगवेगळ्या चिठ्ठीवर, एकाच बाजूने लिहायचं. एक दिवस सगळ्या चिठ्ठ्या मोठ्या टेबलावर पसरायच्या. दुबार आलेल्या काढायच्या, सारख्या एकत्र करायच्या, त्यांचे गठ्ठे लावायचे, गठ्ठ्यांना क्रम द्यायचा. मग नको ते शब्द काढत जायचं. यात हुशार मुलाची आणि ढ मुलाची चिठ्ठी एकाच टेबलावर असते, आणि लेख सगळ्यांचा होतो. सावरगावच्या आणि पांढुर्ण्याच्या मुलांच्या चिठ्ठ्या अशा एका टेबलावर पसरलेल्या मला बघायच्या आहेत.

आमच्याच राज्यात या कामाची परंपरा आहे हेही सांगायला हवं. भोपाळहून ‘एकलव्य’ संस्थेने १९८५ मध्ये ‘चकमक’ हे मुलांचं मासिक सुरू केलं, आणि त्यात ‘मेरा पन्ना’ हे सदर मुलांच्या स्वतःच्या लिखाणाला, चित्रांना दिलं. तिकडे महाराष्ट्रात बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं. सीमेवरच्या मुलाच्या हातात ही दोन्ही पडायला हवीत. दोघांच्या मध्ये त्याने स्वतःच्या गावाचं तिसरं पान शिवायला हवं.

आता हातात मोबाईल आहे. बोरू नको, मोरचूद नको, आवाज टिपता येतो, चित्र हलतं. मी याच्या विरोधात नाही. आजीची झडती तिच्याच आवाजात राहिली असती तर मला आज काय काय देऊन ती विकत घ्यावीशी वाटली असती! पण स्नेहसंमेलनाच्या चित्रफिती बघतो तेव्हा वाईट वाटतं. पाहुणे येतात, हार घातला जातो, दीप लावला जातो, मुली नाचतात, वर गाणं जोडलेलं. कॅमेरा मुलांच्या हातात असला तरी नजर मोठ्यांची आहे. त्यात एकही प्रश्न नाही, त्यामुळे एकही दुरुस्ती येणार नाही. लोक लाईकचा अंगठा दाबतात आणि पुढे सरकतात. आबाजी फाटकात येत नाहीत.

त्यापेक्षा दहा मिनिटांची ध्वनिफीत करावी. पाचवीची चार मुलं बाजाराच्या दिवशी संत्र्याच्या व्यापाऱ्याला गाठतात आणि विचारतात, बगीचा उक्ता घेताना तुम्ही झाडावरची फळं मोजता कशी? मग कास्तकाराला तेच विचारतात. दोन उत्तरं जुळत नाहीत, हेच कार्यक्रमाचं पोट. शनिवारी बालसभेत ती ध्वनिफीत सगळ्यांनी ऐकायची, आणि पालकसभेच्या दिवशी माईकवर लावायची. सगळं जगाला दाखवायची घाई नको. लहान मुलांची नावं, चेहरे, आवाज उघड्या जाळ्यावर टाकताना पालकांची परवानगी हवीच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठरा वर्षांखालच्यांसाठी तशी तरतूद आहे. आणि तसंही, या कामाचा पहिला वाचक-श्रोता गावच आहे. आमचा अंक गावाबाहेर गेला नाही, म्हणून काही बिघडलं नाही.

अडचणी मला माहीत आहेत. सगळ्यात मोठी अडचण शिक्षकांच्या बदल्यांची. एका गुरुजींच्या हौसेने अंक निघतो, ते गेले की तो थांबतो. अतिथी शिक्षकाला तर पुढच्या सत्रात आपण इथे असू की नाही हेच ठाऊक नसतं, त्याने बोरू कोणासाठी कापायचा? पाचवी-आठवीलाही आता बोर्डाच्या धर्तीवर परीक्षा, त्यामुळे जानेवारीनंतर कोणाला श्वास घ्यायला फुरसत नाही. यावर मला एकच उपाय दिसतो, आणि तो आमच्या वर्गाने नकळत केला होता. ती फिरती वही आठवीने सातवीच्या हाती दिली होती, गुरुजींच्या नाही. काम मुलांकडून मुलांकडे गेलं तर एखादी बदली ते सहन करतं. आमच्यानंतर दोन वर्षं अंक निघाला. पुढचं मला माहीत नाही, मी नागपूरला होतो.

नागपूरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्राच्या पुस्तकात मला एक दिवस माझ्या गावाचं नाव सापडलं. नागपूर, भंडारा, बालाघाट, छिंदवाडा या पट्ट्यातल्या अतिप्राचीन, मँगनीज धरून असलेल्या खडकांना जगभर ‘सौंसर’ गट म्हणतात. आमच्या तहसिलीवरून. आम्ही लहानपणी हातात घेऊन फेकत होतो ते काळे, वजनदार दगड या पुस्तकात होते. मी ते पान मित्रांना दाखवलं आणि पहिल्यांदा ‘दगडवालं गाव’ या शब्दाला मला उत्तर मिळालं. पण खूप उशिरा मिळालं. सौंसरच्या सहावीतल्या मुलाला ते सहावीतच मिळायला हवं, आणि त्यानेच शोधून, खदानीत काम केलेल्या एखाद्या म्हाताऱ्याला विचारून, लिहायला हवं.

छोटी रेल्वे २०१५ मध्ये बंद झाली. रुंद रूळ टाकायचे होते. शेवटच्या दिवसांत लोक उगाच तिकीट काढून बसत होते. आता त्याच वाटेने मोठी गाडी जाते. ती गाडी लागली की मी खिडकीशी बसतो.

काही वर्षांपूर्वी ते हस्तलिखित मला पुन्हा बघायला मिळालं. वर्गातल्या त्या दोन मुलींपैकी एकीकडे ते होतं, लुगड्यांच्या पेटीत, कापडात गुंडाळलेलं. तिने ते तिच्या नातीला वाचून दाखवलं होतं. कडा तपकिरी झाल्या होत्या, जलरंग फिके पडले होते, कसर मात्र कुठेच लागलेली नव्हती. मी माझं पान काढलं. पट्टी तिथेच होती. बोटाला तिची कड अजून लागत होती. पान उजेडाकडे धरलं तर खालून माझा चुकलेला क्रम दिसत होता, आणि वर तिच्या अक्षरात: रामाकोना, भीमालगोंदी, कुकडीखापा, भंडारकुंड, उमरानाला. तिची नात म्हणाली, ‘यात देवी राहिलं की हो. रामाकोन्याच्या पुढचं.’

मी खिशातून पेन काढला, पण तिच्या आजीने तो टेकवू दिला नाही. तिने कपाटातून कागद आणला, कात्रीने पट्टी कापली आणि नातीला म्हणाली, ‘तू लिही.’